वांग्याचं बी निवडताना

ती. आईस,
शि. सा. न.

परसात यंदा वांग्याचं कुठलं बी टाकू, असं तू विचारलंस. फोनवर घाईत सांगण्यापेक्षा लिहूनच कळवते. इथे मी वेगवेगळ्या जाती लावल्या आणि नुसत्या तेल-मिठावर परतून चव घेतली. माझं ठाम मत झालंय की रंग बघून बी घेऊच नये. वांगं भाजायचंय, भरायचंय की परतायचंय, ते आधी ठरव.

भाजायला मोठं, गरदार फळ हवं. 'ब्लॅक ब्युटी' ही अमेरिकेतली १९०२ सालची जात त्याला चालते, पण मला ती जरा सपक लागते. त्यापेक्षा इटलीची 'रोझा बियांका' घे. गोलसर, पांढऱ्यावर जांभळी झाक. भाजल्यावर गर लोण्यासारखा होतो, कडवटपणा जवळजवळ नाहीच. फळं उशिरा आणि बेताची लागतात, तरी चवीसाठी मी तीच लावीन.

परतायला तैवानची लांब, सडपातळ 'पिंगटुंग लाँग'. साल इतकी पातळ की सोलावी लागत नाही, बिया कमी, फोडी झटकन शिजतात. ती भाजायला मात्र घेऊ नकोस, गर हाती लागत नाही. भरायला लहान फळांची कुठलीही जात चालेल, फक्त कोवळी तोड.

खरी चव बिघडते ती उशिरा तोडल्याने. अंगठ्याने फळ हलकेच दाबून बघ. खळगा लगेच भरून आला तर तोडायला हरकत नाही. तसाच राहिला तर वांगं जून झालं. सालीची तकाकी गेली की आतल्या बिया तपकिरी आणि कडू झाल्याच म्हणून समज. पाण्याचा ताण पडला तरी कडवटपणा येतो, तेव्हा बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन कर.

वर सांगितलेल्या तिन्ही जाती सरळ वाण आहेत, म्हणजे संकरित नाहीत, त्यामुळे बी घरचं धरता येतं. पण जाती शेजारी-शेजारी असतील तर परागांची सरमिसळ होऊ नये म्हणून बियाण्यासाठी ठेवायच्या फुलाला, ते उमलायच्या आधीच, पातळ कापडाची पिशवी बांध. फळ धरलं की पिशवी काढ, देठाला दोरा बांधून खूण ठेव आणि साल पिवळट होईपर्यंत ते झाडावरच राहू दे.

परसात ऊन किती तास येतं ते कळव, म्हणजे किती रोपं लावायची ते सांगते.

तुझी,
धाकटी