बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

बंगळुरू

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "समोर लक्ष्य दिसत असताना हायपरसॉनिक यानाचा नेम चुकेलच कसा?" फोनवर जमलं नाही, म्हणून लिहिते.

दिसतं, पण असतं तिथे दिसत नाही. ध्वनीच्या पाचपट वेगाला नाकापुढची हवा दबून शॉक वेव्ह तयार होते. अलीकडे दाट हवा, पलीकडे विरळ. शिवाय कॅमेऱ्यापुढच्या खिडकीला घासून जाणारा हवेचा थर सतत घुसळत असतो. घनता बदलली की प्रकाश वाकतो. चैत्रात आपल्या पत्र्यावरून पलीकडचा आंबा थरथरताना दिसतो, तेच इथे फार जोरात होतं. शॉकमुळे चित्र बाजूला सरकतं, घुसळणीमुळे पुसट होतं. अंशाच्या शंभराव्या भागाची चूक दहा किलोमीटरवर पावणेदोन मीटर भरते! सरकणं गणिताने बरंचसं भरून काढता येतं. पुसटपणा मात्र सेकंदाला हजारो वेळा रूप बदलतो, त्याच्यामागे धावून दमछाक होते.

त्यात उष्णता. दहा किलोमीटर उंचीवर त्या वेगाला नाकाशी अडलेली हवा हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. साधी काच टिकत नाही, म्हणून अमेरिकेच्या थाड क्षेपणास्त्राला नीलमाची खिडकी आहे, तीही नाकावर नाही, कुशीला. (आई, शनीसाठी घालतात तोच नीलम, फक्त रंगहीन आणि कारखान्यात वाढवलेला.) तोही तापला की स्वतःच इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेचे न दिसणारे किरण, फेकतो आणि ते टिपणारा कॅमेरा दिपतो. खिडकीवरून गार वायू सोडला, तर तो हवेत मिसळताना आणखी घुसळण करतो. मला विचाराल तर खरी डोकेदुखी हीच.

गंमत म्हणजे आम्ही हवा बघतो ती याच वाकण्यामुळे. टोप्लर नावाच्या शास्त्रज्ञाने 1864 मध्ये श्लीरेन पद्धत काढली, म्हणजे प्रकाश कुठे वाकला ते पाहून हवेतला घनतेचा फरक दाखवायची युक्ती. तिच्याच जोरावर माख आणि साल्शर या शास्त्रज्ञांनी 1887 मध्ये बंदुकीच्या गोळीपुढच्या शॉकचे फोटो छापले. आमच्या शॉक टनेलमध्ये (क्षणभर तसा वेगवान वारा सोडणारी चाचणीची नळी) आजही तेच आरसे नि तोच दिवा, कॅमेरा तेवढा वेगवान. चाचणी मिलिसेकंदात आटोपते, तयारीला दिवस जातो. म्हणूनच मी फोन उचलत नाही, रागावू नका.

बाबा, लॅबमध्ये फोटो काढू देत नाहीत. रविवारी कॉलवर आरशांची मांडणी कागदावर काढून दाखवते. चष्मा जवळ ठेवा. आई, मेतकूट संपलंय.

तुमची,
मीनू