इसार घेण्याआधी

लातूर, 5 जानेवारी 2026

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

येळवसच्या सणाला तू आलास, तुमच्या रानात कोपीपुढं बसून आपण भज्जी खाल्ली, आंबील प्यालो. लई बरं वाटलं. पण हात धुतल्याबरोबर तू मोबाईल पुढं केलास, एआयवाल्या शेअरची हिरवी रेघ दाखवलीस आणि म्हणालास, "माझ्या वाटणीचं दीड एकर विकायला काढतो, सगळं यात घालतो." काकू समोर होत्या म्हणून मी गप्प बसलो. तेव्हापासून मनाला चैन नाही.

शेअरमधलं मला तुझ्याएवढं कळत नाही. पण आडतीवर बावीस वर्षं मालविक्रीच्या पट्ट्या लिहितोय. भाव चढला की माणसाचं काय होतं, ते जवळून बघितलंय. 2021 चा ऑगस्ट आठव. आपल्याकडं सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं, हमीभाव होता 3,950. तेव्हा बहुतेकांच्या घरात माल नव्हताच, कधीच विकून झाला होता. तरी तो आकडा डोक्यात बसला तो बसलाच. नवा माल आला, भाव निम्म्यावर आला, लोक म्हणाले, थांबा. उन्हाळ्याच्या तोंडाला सात हजार झाला. मी आमच्या अण्णांना विनवलं, चाळीस क्विंटल आहे, निम्मं तरी काढू. ते म्हणाले, "दहा बघितलेत मी."

2023 मध्ये कट्टे हलवले तेव्हा थप्पीच्या तळाला उंदरांनी भोकं पाडलेली. सौद्यात खरेदीदारानं मूठभर दाणे तळहातावर पसरले, डागी बोटानं बाजूला सारले आणि चार हजार सहाशे बोलला. ती पट्टी मीच लिहिली. अण्णा ती हातात धरून दुकानाच्या ओट्यावर दिवस कलेपर्यंत बसून होते.

तू म्हणशील, सोयाबीन वेगळं आणि एआय वेगळं. हे काम खरंच मोठं आहे. असेल, मी मानतो. पण इंटरनेट काय खोटं होतं? 1999 ला अमेरिकेत नावात डॉट कॉम असलं की लोक त्या शेअरवर तुटून पडत. तिथल्या शेअर बाजाराचा नॅसडॅक निर्देशांक 10 मार्च 2000 ला 5,048 वर होता, ऑक्टोबर 2002 मध्ये 1,114 वर. शंभराचे बावीस राहिले. बुडणाऱ्या कंपन्या बुडाल्या, त्यांचं सोड. सिस्को बघ. इंटरनेटची यंत्रं बनवणारी, धंदा खरा, नफा खरा, आजही चालू. पण तिचा 2000 चा भाव पुन्हा दिसायला परवाचा डिसेंबर उजाडला. पंचवीस वर्षं, सुधाकर! तेव्हा जन्मलेलं लेकरू आज लग्नाला आलं.

माल खरा असला तरी त्याला मोजलेला भाव खरा असतोच असं नाही. पुढच्या कित्येक वर्षांचा नफा आजच भावात धरून बसलं, तर कंपनी चांगली चालूनही घेणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

आणि एक गोष्ट मला फार खटकली. कंपनी कमावते किती, तिच्यावर कर्ज किती, यातलं तू काहीच बोलला नाहीस. ऑफिसातल्या मित्राचे तिप्पट झाले, हे मात्र तीनदा सांगितलंस. अण्णासुद्धा शेजारच्याचंच नाव घ्यायचे. गेल्या वर्षी 27 जानेवारीला चीनच्या डीपसीक या एआयमुळं एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात 17 टक्के पडला. पुढं सावरला, खरंय. पण त्यामुळंच 'पडला की घ्यायचा' ही सवय लागली आणि भीती गेली. मोंढ्यात असं झालं की जुने आडते हात आखडतात.

पगारातून महिन्याला थोडं घाल, त्याला माझी ना नाही. रान मात्र काढू नकोस. संक्रांतीला ये, आमच्या ज्वारीला हुरडा आलाय. आगटीपाशी बसून तुझं सगळं ऐकून घेतो. तोवर कुणाकडूनही इसार घेऊ नकोस, एवढं माझं ऐक. काकूंना अजून काही सांगितलेलं नाही.

तुझा,
दत्ता