जुना कोड आवरणं हाही प्रकल्पच

महोदय,

आपल्या शैक्षणिक पुरवणीत नुकताच अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांवर पानभर मजकूर आला. हजेरी घेणारा कॅमेरा, पिकावरचा रोग ओळखणारं ॲप, मराठीत उत्तरं देणारा चॅटबॉट, सोबत मुलांचे हसरे फोटो. ते पान आमच्या स्टाफरूममध्ये टेबलावर उघडं ठेवून एक सहकारी म्हणाले, ‘‘मॅडम, असे प्रकल्प हवेत.’’ टोमणा मला होता, म्हणून हे पत्र.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. यंदा माझ्याकडे आलेल्या चार मुलांच्या गटानं जरा वेगळा विषय निवडला होता. व्हर्च्युअल मशीन तपासणारं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, केव्हीएम-युनिट-टेस्ट्स नावाचं. त्यातला मेमरी वाटून देणारा हेल्पर कोड, म्हणजे चाचण्यांना हाताखाली लागणारा कोड, वाचायचा, त्याच कोडसाठी चाचण्या लिहायच्या आणि जिथं विस्कळीत वाटेल तिथं तो नीट लावायचा. प्रकल्प मंजूर करणाऱ्या समितीनं विचारलं, फ्रंट एंड, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारा भाग, कुठे आहे? मुलांनी काळ्या पडद्यावरची अक्षरं दाखवली. मग विचारलं, यात नवीन काय? विषय तिथंच संपला. मुलं आता चेहरा ओळखून हजेरी लावणारं सॉफ्टवेअर करतायत. आमच्या विभागात ते दरवर्षी एक तरी गट करतोच, त्यात नवीन काय हे मात्र कुणी विचारत नाही.

समितीला ऐकायला वेळ नव्हता, आपल्या वाचकांना असेल असं धरून लिहिते.

एका खऱ्या यंत्रावर अनेक यंत्रं चालताहेत असा भास निर्माण करायचा आणि प्रत्येकाला वाटू द्यायचं की अख्खी मेमरी आपलीच, ही व्हर्च्युअल मशीनची करामत. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे काम केव्हीएम करतं. २००६ मध्ये इस्रायलच्या क्युम्रानेट या कंपनीत अवी किविटी यांनी ते सुरू केलं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत ते आलं. आज गूगलचं क्लाउड त्यावर उभं आहे, ॲमेझॉनची २०१७ नंतरची नायट्रो यंत्रणाही केव्हीएमवरच बेतलेली. ॲमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत आपल्या क्लाउडचं केंद्र उघडलं, म्हणजे हा विषय आपल्यापासून फार दूर नाही.

आता हे केव्हीएम बरोबर वागतंय हे तपासायचं कसं? त्यात पूर्ण लिनक्स चालवून बघता येतं, पण काही बिघडलं तर बिघाड नेमका कुठं ते कळत नाही. म्हणून या सॉफ्टवेअरमधली प्रत्येक चाचणी म्हणजे एक चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिमच असते. ती क्यूएमू या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बूट होते, एखादीच गोष्ट तपासते (टायमरचा इंटरप्ट आला का, पेज टेबल या मेमरीच्या पत्त्यांच्या तक्त्यातल्या परवानग्या पाळल्या गेल्या का) आणि निकाल सांगून बंद होते. पास हिरव्यात, फेल लाल रंगात. मुलांना हेच आवडलं होतं: वर्गात जे फळ्यावर असतं ते इथं खरोखर चालतं, आणि तेही चार पानांच्या सी प्रोग्रॅममध्ये.

पण आत लिनक्स नाही म्हटल्यावर मॅलॉकही (मागितली की मेमरी देणारं तयार फंक्शन) नाही. मेमरी हवी असेल तर ती वाटणारा कोड आपणच लिहायचा. त्यामुळे या चाचण्यांच्या खाली हेल्पर कोडचा एक थर साचत गेला. साचत गेला असंच म्हणायला हवं. सुरुवातीला हे मुख्यतः इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरपुरतं होतं. २०१४ मध्ये मोबाइलमध्ये असतात तसे एआरएम प्रोसेसर आले तेव्हा त्याच्यासाठी एक साधा वाटप करणारा कोड आला, जो मेमरी देतो पण परत घेत नाही. मग पॉवर प्रोसेसर आले, आयबीएमचं मेनफ्रेम आलं, अलीकडे रिस्क-फाइव्ह ही सर्वांना खुली असलेली प्रोसेसरची रचना आली. जो येईल तो आपली सोय लावणार. मधल्या काळात इंटेलच्या फोल्डरमध्ये अडकलेला, पानं (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे) वाटणारा कोड बाहेर काढून सगळ्यांसाठी सामाईक करावा लागला.

तो जुना कोड मी वर्गात मुद्दाम दाखवते, कारण तो फारच सुबक आहे. मोकळ्या पानांची यादी ठेवायला वेगळी जागाच नाही: प्रत्येक मोकळ्या पानाच्या सुरुवातीलाच पुढच्या मोकळ्या पानाचा पत्ता लिहिलेला. पान हवं असेल तर साखळीचं तोंड काढून घ्यायचं. अडचण येते ती सलग आठ पानं लागली की. मग त्या साखळीत सलग तुकडा शोधत फिरायचं. आणि दुसरी अडचण जास्त वाईट: मेमरी परत करताना ती किती होती हे मागणाऱ्यानंच सांगायचं. त्यानं चुकून जास्त सांगितलं, तर शेजारचं वापरातलं पान मोकळ्यांच्या साखळीत जाणार, आणि मग भलतीच ओळ लाल होणार. वाटप करणाऱ्याला ते कळायचा मार्गच नाही, कारण त्यानं दिलेल्याची नोंद ठेवलेली नाही.

२०२० मध्ये हा भाग मुळापासून पुन्हा लिहिला गेला. आता दर पानामागे एक बाइट राखलेला असतो, त्यात ते पान वापरात आहे की मोकळं आणि केवढ्या तुकड्याचा भाग आहे ते लिहिलेलं. किती हवी ते सांगितलं नाही तर क्यूएमू १२८ एमबी मेमरी देतं. ४ केबीच्या पानांनी ती ३२,७६८ पानं होतात, म्हणजे नोंदवही अवघी ३२ केबीची. तेवढ्या खर्चात परत करताना माप सांगण्याची कटकट गेली. शिवाय वेगवेगळ्या पत्त्यांवरच्या मेमरीचे वेगवेगळे विभाग सांभाळता येऊ लागले आणि लहान तुकडा मोठ्या अलाइनमेंटवर, म्हणजे मोठ्या आकड्यानं भाग जाणाऱ्या पत्त्यावर, हवा असेल तर मधली जागा वाया जाईनाशी झाली.

तुकड्यांची ही पद्धत म्हणजे पाठ्यपुस्तकातली ‘बडी सिस्टिम’. शेतीच्या वाटणीसारखी: मोठा तुकडा अर्धा करायचा, त्यातला एक पुन्हा अर्धा, लागेल तेवढा होईपर्यंत. फरक एवढाच की इथं वाटण्या पुन्हा एकत्र होतात. पण फक्त सख्ख्या भावाशी! बांधाला बांध लागून असला तरी चुलतभावाच्या तुकड्याशी जोडता येत नाही, कारण भाऊ कोणता हे पत्त्यातला एकच बिट उलटा करून काढलेलं असतं. हा नियम आमच्या पेपरात पाच मार्कांना असतो आणि मुलं तो पाठ करतात. पण पान क्रमांक ३ आणि ४ शेजारी असूनही का जुळत नाहीत हे त्या चौघांना कोड चालवून बघताना कळलं, आणि ते आता विसरणार नाहीत. जाता जाता: ही पद्धत १९६३ मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनी वापरली, १९६५ मध्ये बेल लॅब्जच्या केनेथ नोल्टन यांनी प्रसिद्ध केली. हेच मार्कोविट्झ पुढे १९९० मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल घेऊन गेले, गुंतवणुकीच्या पोर्टफोलिओच्या सिद्धान्ताबद्दल. एसआयपी भरणाऱ्या आपल्या वाचकांना हे नाव तिथून ओळखीचं असेल.

समितीतल्या एका सदस्यांचा आक्षेप मात्र विचार करण्यासारखा होता. चाचणी काही क्षण चालते, यंत्र बंद होतं, मेमरी गेली. मग ती परत केली काय नि न केली काय, इतकं नीटनेटकं कशाला? गळतीपुरतं हे खरं आहे. पण हेल्परनं एकच पान दोघांना दिलं तर चाचणी लाल होणार आणि माणूस केव्हीएममध्ये दोष शोधत बसणार, जिथं तो नाहीच. तपासणाऱ्या कोडवर भरवसा नसेल तर लाल ओळीला काही अर्थ नाही. हिरवीला तर मुळीच नाही.

आणि आवरण्याचं काम सोपं असतं हा समज कुठून आला, देव जाणे. एआरएमवर एकच मॅलॉक बूट होताना क्रमानं तीन वेगळ्या ठिकाणांहून मेमरी आणतो: आधी तो साधा, परत न घेणारा वाटप कोड, मग उरलेली सगळी मेमरी पानं वाटणाऱ्याच्या ताब्यात, आणि पेज टेबल उभी राहिली की व्हीमॅलॉक, म्हणजे त्या तक्त्यांतल्या पत्त्यांवर मेमरी देणारा कोड. पहिल्या टप्प्यात घेतलेलं तिसऱ्यात परत केलं तर काय? हे वाचूनच ठरवावं लागतं. मी मुलांना नियम घालून दिला होता: कोड एका फाइलमधून दुसरीत हलवायचा असेल तर त्या बदलात फक्त हलवायचा, एक अक्षरही सुधारायचं नाही. सुधारणा पुढच्या बदलात. प्रत्येक बदलानंतर सगळं कंपाइल झालं पाहिजे आणि चाचण्या पूर्वीइतक्याच हिरव्या राहिल्या पाहिजेत, म्हणजे सहा महिन्यांनी काही बिघडलेलं दिसलं तर गिट बायसेक्ट (बदलांची यादी अर्धी-अर्धी करत दोषी बदल शोधणारी सोय) लावून नेमका तो बदल सापडतो. एका मुलीनं तक्रार केली, ‘‘मॅडम, दिवसभर काम करून प्रोग्रॅम जसाच्या तसा चालतो.’’ तसाच चालला, यासाठीच तिला शाबासकी होती. हल्ली एआय हे करून देतं, असंही ऐकवलं गेलं. देत असेल. करून दिलेलं बरोबर आहे की नाही हे वाचणारा माणूस आम्ही कुठून आणणार आहोत?

न बघितलेल्या जुन्या कोडचं काय होतं याचं उदाहरण याच क्षेत्रातलं आहे. २०१५ मध्ये क्यूएमूमधल्या फ्लॉपी कंट्रोलरच्या कोडमध्ये ‘व्हेनम’ नावानं गाजलेलं भगदाड सापडलं. ठरलेल्या मापाच्या बफरमध्ये, म्हणजे माहिती तात्पुरती ठेवायच्या जागेत, मापापेक्षा जास्त लिहिता येत होतं, आणि त्यातून व्हर्च्युअल मशीनमधून बाहेर पडून मूळ यंत्रावर हात घालण्याची वाट होती. तो कोड २००४ पासून तिथं होता. २०१५ मध्ये फ्लॉपी कोण वापरत होतं? म्हणूनच तिकडं कुणी फिरकलं नसावं.

खर्चाचं म्हणाल तर शून्य. आमच्या लॅबमधले जुने पीसी पुरले. बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करायला पासवर्ड लागतो आणि तो एकाच लॅब असिस्टंटकडे असतो, ही खरी अडचण. पण केव्हीएमशिवाय नुसत्या क्यूएमूवरही बऱ्याच चाचण्या चालतात, जरा रेंगाळत. स्वदेशी प्रोसेसरबद्दल आपल्या अग्रलेखांतून अधूनमधून वाचते. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा, दोन्ही रिस्क-फाइव्हवरचे. असल्या प्रोसेसरवर उद्या व्हर्च्युअल मशीन चालवायची तर ती तपासणारी माणसंही लागतील.

माझी मागणी मोठी नाही. प्रकल्पाच्या गुणपत्रिकेत ‘नावीन्य’ या रकान्याशेजारी ‘अस्तित्वात असलेल्या कोडची दुरुस्ती व मांडणी’ असा रकाना असावा आणि दोहोंपैकी एकात गुण मिळवायची मुभा असावी. परीक्षकांनी फ्रंट एंडऐवजी बदलांची यादी मागावी, एकेक बदल उघडून मुलांना ‘हा का केला’ विचारावं. ज्याला सांगता येणार नाही तो आपोआप नापास होईल, विकत आणलेले प्रकल्पही त्याच चाळणीत अडकतील.

आणि आपल्याला विनंती, पुढच्या वर्षी पुरवणीत त्या पानाचा एक कोपरा अशा कामाला द्यावा. माझे चौघे लिहून द्यायला तयार आहेत. फोटो मात्र काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांचाच मिळेल.

आपली,
ऑपरेटिंग सिस्टिम विषयाची एक अध्यापिका, सांगली जिल्हा
(महाविद्यालयाच्या कारणास्तव नाव छापू नये, ही विनंती.)