आधी रॅम तपासा, मग ग्राफिक्स कार्डाला दोष द्या

मा. संपादक,

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. मुलानं सुटे भाग आणून घरीच गेमिंग कॉम्प्युटर जोडला. पण गेम रंगात आला की कधी निळा स्क्रीन, कधी थेट रीस्टार्ट. दुकानदारानं कॅबिनेट न उघडताच सांगितलं, 'ग्राफिक्स कार्ड गेलंय, नवीन घ्या.' पोराची सगळी साठवण त्याच कार्डात गेली होती. त्याचा चेहरा बघवेना.

मग आम्हीच शोधायला बसलो. विंडोजच्या नोंदींत 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं. त्याचा अर्थ मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं, एवढाच. कारण त्यातून कळत नाही. तापमान ठीक होतं. मग रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची तात्पुरती मेमरी, तपासणारं मेमटेस्ट८६ हे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून रात्रभर लावलं, तर सकाळी स्क्रीनभर चुकांच्या लाल ओळी! बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी ही रॅमचा वेग वाढवणारी सोय बंद करून रॅम मूळ वेगावर आणली, तरी चुका येतच होत्या. मग रॅमची एकेक स्टिक (पट्टी) एकाच स्लॉटमध्ये लावून तपासली, तेव्हा एक खराब निघाली. वॉरंटीत बदलून मिळाली. कार्ड तेच आहे आणि मशीन झकास चालतंय.

आमच्याकडे जॉब (लेथवरचा भाग) बिघडला तर आधी मायक्रोमीटर लावून माप घेतात, मग बोलतात. शाहूपुरी, राजारामपुरीतल्या दुरुस्तीवाल्यांना कळकळीची विनंती आहे: महागडा भाग बदलायला सांगण्याआधी ही फुकटची चाचणी लावा आणि निकालाचा फोटो गिऱ्हाइकाला द्या. चाचणीच्या वेळेचे पैसे जरूर घ्या, ते आम्ही आनंदानं देऊ.

– एक पालक, मंगळवार पेठ, कोल्हापूर