दादा, बाबा आता स्वतः दार उघडून उतरतात

दादा, नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या गॅरेजमधून निघताना तुम्हाला नीट थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही. तुम्ही हात पुसत पुढच्या गाडीकडे वळलात आणि माझा गळा असा भरून आला होता की जे काही पुटपुटलो ते तुमच्यापर्यंत पोचलं नसणारच. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही जे केलंत ते लोकांना कळायला पाहिजे, आणि ज्यांना ते करता आलं असतं पण ज्यांनी केलं नाही त्यांच्याही कानावर जायला पाहिजे. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही हे मला पक्कं माहीत आहे.

आमचा ट्रक जुना आहे. इंजिन ठणठणीत, गिअर बॉक्सची कधी तक्रार नाही, पण दारांनी जीव नकोसा केला होता. ड्रायव्हर साइडची चावी अर्धी फिरायची आणि अडायची. क्लीनर साइडचं दार तर आतून उघडायचंच नाही, आतलं हँडल नुसतं लोंबत असायचं, ओढा नाहीतर सोडा, काही फरक नाही. मग काय, काच खाली करायची, हात बाहेर काढायचा, बाहेरचं हँडल चाचपडत शोधायचं आणि ओढायचं, तेव्हा कुठे उतरता यायचं. त्यात काच फिरवायच्या हँडलचे दाते झिजलेले, ते कधी धरायचं कधी सुटायचं. मला हे जमायचं. बाबांना नाही जमायचं.

बाबा माझ्याबरोबर असतात. हा ट्रक आधी त्यांनीच चालवला, कितीतरी वर्षं, आता बोटांत जोर राहिला नाही त्यामुळे स्टिअरिंग सोडलं, पण गाडी निघाली की ते शेजारी येऊन बसणारच, त्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. कुठेही थांबलो की मी उतरायचो, पुढून वळसा घालून तिकडे जायचो आणि बाहेरून दार उघडून द्यायचो. तोवर ते आत बसून राहायचे. कधी चकार शब्द काढला नाही त्यांनी. एकदा मी माल उतरवायच्या कागदांसाठी आत अडकलो, खूप वेळ गेला, बाहेर येऊन बघतो तर बाबा घामाने चिंब, काच अर्ध्यावर अडकलेली, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसलेले. ज्या माणसाने आख्खा ट्रक रात्र रात्र हाकला त्याला त्याच ट्रकमधून उतरता येऊ नये, हे मला सहनच होईना.

तुमच्याकडे येण्याआधी बरीच गॅरेजं पालथी घातली. कोणाचं नाव घेत नाही पण जे झालं ते सांगतो. एकाने दार उघडून लावून बघितलं, लॉक गेलंय म्हणाला आणि लॉक बदललं, थोडे दिवस चाललं आणि पुन्हा तेच. दुसऱ्याने चावीच्या बॅरलमध्ये, म्हणजे चावी ज्यात घालून फिरवतो त्या नळीत, इंजिन ऑइल सोडलं, त्या दिवशी चावी मस्त फिरली, पण पुढे त्याच तेलाने धूळ धरून आत असा चिखल केला की चावी आतच जाईना. तिसऱ्याने दाराचं आतलं पॅनल काढताना क्लिपा कुठे आहेत ते बघायचे कष्ट घेतले नाहीत, सरळ स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं, पॅनल फाटलं, मग आरपार स्क्रू ठोकून ते बसवून दिलं आणि मागचा प्लास्टिकचा कागद हे कशाला लागतंय म्हणून फेकून दिला. मग पावसात पाणी पॅनलमधून केबिनमध्ये झिरपायला लागलं. त्यावर पुढच्याने काय करावं, दाराच्या खालच्या कडेची भोकं सीलंटने बुजवून टाकली! अहो, पाणी काचेच्या फटीतून दाराच्या पोटात उतरतंच, कुठल्याही गाडीत उतरतं, ते बाहेर जावं म्हणून तर ती भोकं ठेवलेली असतात. ती बंद केल्यावर पाणी आतच साचलं, वळणावर दारातून डुबुक डुबुक आवाज यायचा आणि पत्रा आतून सडत गेला.

आणि शेवटचा तर काय बोलला. दार नीट लागत नाही ना, मग बाहेरून कडी वेल्ड करून देतो, कुलूप घाला, चोरीची चिंताच मिटली. बाबा आत बसलेले, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी म्हटलं अहो आत माणूस बसतो. तर म्हणे, तुम्ही आहात ना बाहेरून उघडायला. मी गाडी तिथून काढली. आजही ते वाक्य आठवलं की डोकं तापतं माझं. दार कशासाठी असतं हे ज्याला कळत नाही त्याने दाराला हात लावू नये.

आता तुम्ही काय केलंत ते. तुम्ही आधी पाना हातात घेतलाच नाहीत. दार अर्धं उघडलंत, मागच्या कडेला खालून दोन्ही हात लावलेत आणि दार वर उचलून बघितलंत, तर कडा चांगली बोटभर वर आली. मग मला बोलावून तेच करायला लावलंत. म्हणालात, लॉकला कशाला शिव्या देताय, दारच खाली बसलंय. इतक्या जणांनी बघितलं पण हे कोणी बघितलं नव्हतं. बिजागरीच्या पिना आणि त्या ज्यात फिरतात ते बुश झिजले की दार लटकतं, लटकलं की लॉक खांबावरच्या स्ट्रायकरवर, म्हणजे ते ज्यात अडकतं त्या कडीवर, सरळ बसत नाही, खाली आदळतं, मग माणूस दार आपटून लावतो आणि दर आपटण्याला हँडलपासून लॉकपर्यंत जाणाऱ्या आतल्या रॉडच्या प्लास्टिक क्लिपांना हिसका बसतो. वर्षानुवर्षं उन्हात तापून कडक झालेलं प्लास्टिक ते, एक दिवस तुकडा पडतो आणि रॉड सुटतो. आमचं हँडल लोंबत होतं ते एवढ्याशा एका क्लिपमुळे. ज्याने नवीन लॉक घातलं होतं त्याने तो रॉड तारेने बांधून दिला होता, ती गंजून तुटलेली तार तुम्ही काढून माझ्या हातावर ठेवलीत आणि एक शब्दही वाईट बोलला नाहीत त्या माणसाबद्दल. मी असतो तर बोललो असतो. आत्ता बोलतोच आहे.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. पिना-बुश नवीन, खालची भोकं मोकळी, गंज खरवडून पत्र्याला प्रायमर, क्लिपा नव्या, भंगारातल्या दारातून तुम्ही जपून काढून ठेवलेलं काचेचं हँडल, पॅनलमागे कापून चिकटवलेला नवा प्लास्टिक कागद. काम बघतच राहावं असं होतं. पण मला लिहायचंय ते त्यानंतरचं.

सगळं बसवून झालं होतं. पॅनल लागलं, मी आत बसून हँडल ओढलं, दार खटकन उघडलं, मी खूश, खिशात हात घातला पैसे द्यायला. दुसरा कोणीही असता तर इथे काम संपलं असतं आणि मीही आनंदाने गेलो असतो. तुम्ही मात्र बाबांकडे बघितलंत. म्हणालात, काका, तुम्ही एकदा उघडून बघता का, इथे बसणार तुम्ही आहात.

बाबा चढून बसले. तुम्ही दार लावलंत, काच वर करायला सांगितलीत आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिलात. बाबांनी हँडल ओढलं. अर्धं आलं आणि बोटं घसरली. पुन्हा ओढलं, या वेळी दोन्ही हातांनी, तरी दार उघडेना. काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता मला, कानकोंडे झाले होते ते, आणि मी सवयीने बाहेरून उघडायला पुढे झालो. तुम्ही हात आडवा घालून मला थांबवलंत. मग स्वतः दार उघडलंत आणि म्हणालात, हँडल अजून जड आहे काका, माझं काम राहिलंय थोडं.

आणि तुम्ही पुन्हा पॅनल काढलंत. नुकतं बसवलेलं, सगळ्या क्लिपा लावून झालेलं पॅनल, मागे दुसरी गाडी उभी, तिचा मालक घड्याळ बघतोय, आणि तुम्ही शांतपणे एक एक क्लिप सोडवत बसलात.

दादा, हँडल जड नव्हतं. मी एका हाताने सहज उघडलं होतं ते. बाबांच्या बोटांत जोर नाही हे तुम्हाला पहिल्या मिनिटाला कळलं होतं, आणि दहाजण तिथे उभे असताना तुम्ही ते त्यांच्या हातांवर जाऊ दिलं नाहीत, स्वतःच्या कामावर घेतलंत. काका राहू दे, मुलगा उघडेल, असं म्हणणं किती सोपं होतं. आम्ही सगळे घरचेसुद्धा तेच म्हणत आलो होतो, प्रेमाने म्हणत होतो, पण म्हणत होतो. तुम्ही म्हणालात माझं काम राहिलंय. हे वाक्य ऐकलं आणि बाबांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी बघितलं, ते लगेच वाकून तुम्ही आत काय करताय ते बघायला लागले, रॉड इकडून जातो ना, पूर्वी तर असा यायचा, असं बोलायला लागले. कितीतरी दिवसांनी ते गाडीबद्दल स्वतःहून बोलले.

तुम्हीही त्यांच्याशी बरोबरीने बोललात. रॉडच्या टोकाची, त्याची लांबी कमीजास्त करणारी आट्याची चिमटी फिरवून आतली ढील काढलीत, म्हणजे हँडल थोडं हललं तरी ओढ लॉकपर्यंत पोचावी. मग खांबावरच्या स्ट्रायकरभोवती पेन्सिलने रेघ मारलीत, तो सैल करून केसभर बाहेर सरकवलात, कारण दाराच्या कडेचं रबर फार दाबलं जात होतं आणि तो सगळा ताण लॉकच्या खटक्यावर येत होता. फार सरकवला तर दार वाऱ्याने वाजेल, कमी सरकवला तर जड राहील, हे तुम्ही बाबांनाच समजावून सांगत होतात, मला नाही. खटक्याला ग्रीस लावलंत. काका, आता बघा. बाबांनी ओढलं, अजून जड. पुन्हा चिमटी. काका, आता. दर वेळी दार लावून, काच वर करून, तुम्ही मागे उभे.

आणि मग उघडलं. दोन बोटांनी. बाबांनी दार ढकललं, दांडा धरला, स्वतः खाली उतरले आणि मागे वळून त्यांनीच दार लावलं, हळू, न आपटता, आणि २ वेळा खट् खट् झालं, पहिला खटका आणि पूर्ण लॉक. तुम्ही लगेच बाहेरून दार ओढून बघितलंत की हलकं करायच्या नादात लॉक कच्चं तर राहिलं नाही ना. नाही राहिलं. तेव्हा कुठे पॅनल परत लावलंत.

त्या वरच्या कामाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. माझं काम अपुरं होतं ते पुरं केलं, त्याचे कसले पैसे, म्हणालात. यावर मी काय बोलणार होतो.

हात चांगला असलेले मिस्त्री मी पुष्कळ बघितलेत, त्यातले बरेच प्रामाणिकही असतात. पण काम तपासताना ते स्वतःच्या हाताने तपासतात, आणि त्यांचा हात दणकट. वापरणारा कोण आहे, तो म्हातारा आहे का, लहान मूल आहे का, त्याचा हात कुठवर पोचतो, हे बघून मग काम झालं म्हणणारा माणूस मला तरी आजवर भेटला नव्हता. जुनी गाडी घेऊन गेलं की आधी चेहरे पडतात लोकांचे, भंगारात काढा म्हणतात, जणू आपण त्यांचा वेळ चोरायला आलोय. गाडीबरोबर तिच्यातल्या माणसालाही तेच ऐकावं लागतं हो, ते कोणाच्या लक्षातच येत नाही. तुमच्या आलं. तुमच्याकडे जी दोन पोरं काम शिकतायत त्यांनी हे सगळं बघितलं, ती मोठी होऊन आपापली गॅरेजं टाकतील तेव्हा त्यांच्याकडे येणाऱ्यांचं भाग्य.

आणि चावीचं राहिलंच. सगळे म्हणत होते नवीन बॅरल घाला, दर दाराला वेगळी चावी होईल, इग्निशनची वेगळी. बाबांची ती जुनी झिजलेली चावी तुम्ही बघितलीत, बॅरल उघडून आतला चिखल धुतलात आणि पितळी पत्त्या त्याच चावीला जुळवून परत भरल्यात. तेल घालू नका, ग्रॅफाइटची पूड घाला, ती धूळ धरत नाही, असं मला बजावलंत. तसंच करतोय. बाबांच्या खिशात पूर्वीसारखी एकच चावी असते आता, आणि गाडी लावल्यावर दोन्ही दारं तेच बंद करतात, मला हात लावू देत नाहीत.

ड्रायव्हर साइडचं रबर तुम्ही सांगितलं होतंत तसं जुन्या तुकड्याशी जुळवून आणलंय, बरोबर तसंच मिळालंय. पाऊस सुरू व्हायच्या आत येतो बसवायला. बाबाही येणार आहेत, त्यांना काचेच्या मशीनबद्दल तुम्हाला काहीतरी विचारायचंय, काय ते मला सांगत नाहीत, म्हणतात मी त्यांच्याशीच बोलीन.