प्लेटलेट बरोबर, तरी लघवी तपासा

महोदय,

पावसाळा सरता सरता मुलाच्या पायांवर लाल ठिपके दिसले, की आपल्या इंदुरात दोनच निदानं होतात. आजी म्हणते पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा. बाबा म्हणतात डेंग्यू असेल, प्लेटलेट मोजा. प्लेटलेट अडीच लाख आल्या की घर निर्धास्त. आयजीए व्हॅस्क्युलायटिसची (जुन्या फायलींत हेनॉक-शोनलाइन परप्युरा) मुलं नेमकी इथेच निसटतात. या आजारात प्लेटलेट बरोबरच असतात, कधी जास्तही. बिघाड बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत असतो. त्या सुजतात आणि रक्त कातडीखाली झिरपतं.

पित्ताच्या गांधी खाजतात, काही तासांत जागा बदलतात. हे डाग काचेचा पेला दाबून धरला तरी फिके होत नाहीत, बोटाला किंचित उंच लागतात आणि नडग्या, घोटे, ढुंगण इथे दाटतात. सोबत सांधे सुजतात, पोटात कळा येतात. बहुधा आधी सर्दी-घसा होऊन गेलेला असतो. (असे डाग, जोराचा ताप आणि मूल मलूल, असं दिसलं तर हे पत्र बाजूला ठेवून थेट इस्पितळ गाठावं, तो वेगळा, तासांवर चालणारा आजार असू शकतो.)

डाग तीन-चार आठवड्यांत जातात आणि फाइल कपाटात जाते. मूत्रपिंडाला सूज मात्र साधारण दर तीन मुलांत एकाला येते. बहुतेकदा पहिल्या सहा आठवड्यांत, पण सहाव्या महिन्यापर्यंतही. दुखत काहीच नाही. म्हणून पहिला महिना दर आठवड्याला, तिसऱ्या महिन्यापर्यंत पंधरवड्याला आणि पुढे सहा महिने भरेपर्यंत महिन्याला लघवी तपासावी. सकाळची पहिलीच घ्यावी, कारण खेळून आल्यावर प्रोटीन उगाच दिसू शकतं. औषधाच्या दुकानात साखर नि प्रोटीन एवढंच दाखवणारी, लघवीत बुडवायची स्ट्रिप हातावर ठेवतात; त्यात रक्त कळत नाही. रक्ताचीही खूण असलेली मागून घ्या, डबीवर दिलेल्या सेकंदांनीच रंग जुळवा आणि झाकण लगेच लावा, दमट हवेने स्ट्रिप बिघडते. प्रोटीन दिसलं तर लॅबमध्ये प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर करावं: ०.२ पर्यंत ठीक, २ च्या वर गेलं तर मूत्रपिंडतज्ज्ञांकडे न रेंगाळता जावं. रक्तदाब दर भेटीत हवाच, तोही मुलांच्या कफने (दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याने). मोठ्यांचा कफ बारीक दंडावर गुंडाळला की आकडा खोटाच कमी येतो.

‘सुरुवातीलाच स्टिरॉइड दिलंय, आता किडनीची काळजी नाही’ हा समज औषधाच्या शास्त्रीय चाचण्यांत टिकलेला नाही. पोटाच्या कळांना ते उपयोगी पडतं, एवढंच.

रक्त गोठण्याचं कोडं जरा उलटं आहे. डाग पाहून वाटतं रक्त पातळ झालंय. पण पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या तपासण्या) बहुधा बरोबर येतात आणि डी-डायमर (विरघळलेल्या गाठीचा रक्तातला अवशेष) वाढलेला असतो, म्हणजे आत गाठी होऊन विरघळत असतात. पोटाचा त्रास तीव्र असेल तर गोठण घट्ट करणारा तेरावा घटक खर्ची पडलेला आढळतो. खरा धोका लघवीतून भरपूर प्रोटीन जाऊ लागल्यावर येतो: त्यासोबत गाठ रोखणारं अँटिथ्रॉम्बिनही वाहून जातं. अशा वेळी एकच पाय सुजणं, उलट्यांसह डोकेदुखी, कमरेच्या बाजूला दुखून लाल लघवी, यांतलं काहीही तातडीचंच. सूज दिसली म्हणून मनाने लघवीची गोळी दिली तर रक्त आणखी दाट होतं. सांधेदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घरच्या घरी देऊ नये, मूत्रपिंडावर ताण येतो. पॅरासिटामॉल दर किलोमागे १५ मिलिग्रॅम, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा.

दिवाळीला पुण्या-नाशकाला आजोळी जाणार असाल, तर स्ट्रिपची डबी आणि तारखांची वही बॅगेत टाका. सुट्टीतले तीन आठवडेही त्या सहा महिन्यांतलेच असतात.

— बालरोग आणि लॅबच्या कामातले काही वाचक, इंदूर