खिडक्या वाचवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री पावणेबाराची बस आमच्या खिडकीखालून गेली आणि मुलगी उठली नाही. मी मुद्दाम जागी राहिले होते. तेव्हाच तुम्हाला फोन करावासा वाटला, पण ती फोनची वेळ नव्हती. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, कारण लंडनच्या जुन्या घरांत कुडकुडणारी आपली माणसं पुष्कळ आहेत.

सांगलीहून आलेली आई जानेवारीत हीटर चालू असतानाही शाल सोडत नव्हती. खिडक्या बंद असून पडदे हलायचे. घर व्हिक्टोरियन काळातलं, खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या, सॅशच्या. एका विक्रेत्यानं पाचही काढून प्लास्टिकच्या बसवायला सांगितलं. आकडा ऐकून झोप उडाली. शिवाय आमचा भाग कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपायच्या वस्तीत, त्यातून फ्लॅट, म्हणजे कौन्सिलची परवानगी आलीच. संक्रांतीच्या कार्यक्रमात हे रडगाणं ऐकून तुम्ही हातातला तिळगूळ तसाच ठेवून एवढंच विचारलंत, "लाकूड कुजलंय का?"

शनिवारी तुम्ही आलात ते पटाशी आणि उदबत्तीचा पुडा घेऊन. मला वाटलं, आधी पूजा करताय! उदबत्ती चौकटीपाशी हळूहळू फिरवलीत. धूर सरळ वर जात होता, पण दोन झडपा मधोमध जिथे भेटतात तिथे तो एकदम आडवा होऊन खोलीत शिरला. "काच राहू दे, आधी ही फट बघ," म्हणालात.

मग थरावर थर चढलेला रंग कापून आतली पट्टी सोडवलीत. मुलीला त्या दिवशी मैत्रिणीकडे पाठवायला लावलंत, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासूही दिलं नाहीत. चौकटीच्या बाजूला तळाशी लाकडाचं लहानसं झाकण असतं, हे मला चार वर्षांत कळलं नव्हतं. ते उघडून तुम्ही हातभर लांब लोखंडी वजन बाहेर काढून माझ्या हातात दिलंत. दोरी कप्पीवरून जाते, दोन्ही बाजूंची वजनं झडप तोलून धरतात. या पोकळीत फोम भरायचा माझा बेत होता! भरला असता तर वजनं अडकून खिडकी कायमची बसली असती. दोन झडपांमधली जुनी पट्टी काढून ब्रश बसवलेली नवी घातलीत, मेण लावलेली सुती दोरी ओवलीत, आणि तीच खिडकी एका हातानं उघडू लागली.

वारा थांबला तसा आवाजही थोडा उतरला, पण बसची घरघर उरलीच. नेहमीच्या डबल ग्लेझिंगमध्ये दोन काचांत बोटाच्या जाडीएवढं अंतर असतं. ते थंडीला ठीक, पण घुमणाऱ्या जाड आवाजाला अपुरं, हे तुम्ही समजावलंत. म्हणून मूळ खिडकीपासून 150 मिलिमीटर आत, 6.4 मिलिमीटरची लॅमिनेटेड (मधे प्लास्टिकचा पातळ थर असलेली) काच, सरकती, म्हणजे साफसफाईला आणि प्रसंगी बाहेर पडायला अडचण नको. जुनी काच पातळ, ही जाड, म्हणून दोन्ही एका सुरात थरथरत नाहीत. बाहेरची खिडकी सिलिकॉननं बंद करू का, असं मी विचारलं तेव्हा जवळजवळ ओरडलात. आतली घट्ट हवी, बाहेरचीला थोडी हवा हवी, नाहीतर मधे दव साचून लाकूड कुजतं. थंडीभर रोज सकाळी बघत होते, काचा कोरड्या होत्या.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, फक्त सामानाची पावती दिलीत. ते मला अजून टोचतं. पण त्याहून मोठं म्हणजे, सत्तरी ओलांडलेल्या माणसानं चार शनिवार गुडघ्यांवर बसून मला शिकवत शिकवत काम केलं. चौथी खिडकी बरीचशी मीच केली, तुम्ही स्टुलावर बसून चहा पीत "रेघ बघ, रेघ बघ" म्हणत होतात.

आता स्वयंपाकघरातली पाचवी तेवढी राहिली आहे. ती मी एकटी उघडणार आहे. तुमची पटाशी अजून माझ्याकडेच आहे. काम झालं की धार लावून आणून देते.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची शिष्या